न्यूनोक्तीचा तास

मंगळवारी संध्याकाळी सात वाजता, पीटरहेडच्या ग्रंथालयात,
वरच्या मजल्यावर, जिथे हीटर नुसता आवाज करतो,
मी फळ्यावर लिहिते: आजचे अलंकार.
समोर आठ जण. त्यातले पाच
थेट मासळीच्या कारखान्यातून आलेले,
बोटांना हॅडॉकचा वास, लिंबाने धुऊनही.

उपमा लगेच समजली. त्यात काय, सगळेच कशासारखे तरी असतात.
चेतनगुणोक्तीपाशी टेस्फालेम अडला.
समुद्राला कान असतात हे त्याच्या गावी
अलंकारात धरत नाहीत.
इथेही नाही, मी म्हणाले. इथले कोळी
बोटीवर डुकराचं नाव घेत नाहीत, सामनचंही नाही,
पाद्र्याला म्हणतात, काळ्या कोटवाला.

मग युर्गिताने हात वर केला.
तुमच्या पुस्तकात आहे 'व्हॉट'.
आमच्या लाइनवर सगळे म्हणतात 'फिट'.
पहिल्या दिवशी मुकादम बाई म्हणाली, "फिट लाइक?"
मला वाटलं तब्येत तपासतेय.
मी दंड दाखवला.

वर्ग हसला. मीही हसले,
आणि माझा उजवा तळहात आपोआप मिटला.
सात वर्षांची मी. व्हॉट म्हण. पुन्हा म्हण. व्हॉट.
चामड्याचा पट्टा, दोन फटके, एका अक्षराचे दोन.
घरी 'फ', शाळेत 'व्ह',
मध्ये एक रस्ता,
तो मी रोज धावत ओलांडायचे
जीभ दप्तरात घालून.

आता त्याच 'व्ह'चे मला तासावर पैसे मिळतात.

न्यूनोक्ती. पान बेचाळीस.
मोठी गोष्ट लहान करून सांगणे, बहुधा विनोदासाठी.
उदाहरणार्थ: वाळवंट जरा कोरडं असतं.
कोणी हसलं नाही.
टेस्फालेम वाळवंट चालून आला आहे.
मी पुस्तक मिटलं.

नोव्हेंबरातली एक पहाट होती.
रेडिओवर माझा भाऊ डॉड:
"अ बिटी ब्रीझी."
जरासं वारं आहे.
आमच्या बोलीत सगळ्याला शेपूट लावून लहान करतात,
बोटीला बोटुकली, वादळाला वारंबिरं,
म्हणजे ते उचलून खिशात घालता येतं.
त्या 'जरासं'मध्ये बारा मीटरच्या लाटा होत्या
हे नंतर अहवालात आलं, शुद्ध इंग्रजीत,
ज्यात कर्ता कुठेच नव्हता:
नौकेचा शोध थांबवण्यात आला.

कोणी थांबवला?
व्याकरणात हा प्रश्न विचारता येतो. मी शिकवते तो.

त्यानंतरच्या शनिवारी बेकरीसमोर
कुणीतरी बाबांना विचारलं, "फिट लाइक, वॉटी?"
बाबा म्हणाले, "ने बॅड."
वाईट नाही.
आणि पावाची पिशवी
या हातातून त्या हातात घेतली.
दोन नकार मिळून एक होकार होतो, असं पुस्तक सांगतं.
बेकरीसमोर झाला नाही.

हे काही मी वर्गात बोलले नाही.
फक्त मार्कर घेऊन लिहिलं: 'ने बॅड'.
पन्नाशी ओलांडल्यावर पहिल्यांदा, फळ्यावर.
आणि मला स्पेलिंग येईना.
दोनदा पुसलं.
आमच्या घरात हा शब्द हजारदा बोलला गेला
पण कुणी कधी लिहिला नव्हता.

रोडेलने विचारलं, परीक्षेत येईल का?
नाही.
त्याने तरी वहीत उतरवून घेतला,
खाली रेघ मारली,
मग माझ्याकडे पाहून दुसरी.

नऊला दिवे बंद केले. जिन्यात
युर्गिता थांबली होती, टोपी कानांवर ओढत.
"फिट लाइक, टीचर?"
'फ' चांगला लागला होता, खालचा ओठ दातांखाली, अगदी बंदरावरचा.
मी किल्ली शोधत राहिले,
या खिशात, त्या खिशात.